रूमी मस्तकी

सांगलीच्या गणपती पेठेत आजोबांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणाला पितळी कडी आणि कडीखाली आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी. अक्कलकारा, कंकोळ, नागकेशर, मायफळ, वावडिंग. वरून तिसऱ्या रांगेत, माझा हात पोचणार नाही असा एक खण होता. त्यावर लिहिलेलं होतं, ‘रू. मस्तकी’. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. मस्तकी म्हणजे मस्तकाचं औषध, हे मी न विचारताच ठरवून टाकलं होतं. गणिताच्या पेपराआधी त्यातलं थोडं खायला द्या, म्हणून मी आजोबांच्या मागे लागले, तेव्हा ते हसत सुटले. म्हणाले, “अगं, डोक्याचं नाही ते, पोटाचं. आणि रू म्हणजे रूमी. रूमशामकडची.”

रूमशाम कुठं आलं, तर “लांब. समुद्राच्या पलीकडं.” एवढ्यावर विषय संपला. पण त्यांनी एक खडा हातावर ठेवला. ज्वारीच्या दाण्याएवढा, फिकट पिवळा, गोठलेल्या थेंबासारखा. चावल्यावर आधी भुगा झाला, जिभेवर कडवटपणा पसरला, आणि मग तो भुगा हळूहळू एकत्र येऊन चिवट झाला. देवदारासारखा काहीतरी वास नाकात चढला. मला अजिबात आवडला नाही, आणि मी तो तासभर चघळत बसले.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे चाळीसेक वर्षांनी मी त्या खणाच्या गावाला जाऊन आले.

आमची लेक नोकरीसाठी सहा महिने इझमीरला होती. तिच्याकडे गेलो, इस्तंबूल पाहून झालं, आणि एके दिवशी ती म्हणाली की चेश्मेहून समोरच्या ग्रीक बेटावर बोट जाते, अर्धा-पाऊण तास लागतो. बेटाचं नाव खिओस. इंग्रजी नकाशावर बघून आपण ‘चिऑस’ वाचतो, पण तिथले लोक घशातून ‘ही’ आणि ‘खी’च्या मधलं काहीतरी म्हणतात. तुर्की लोक त्याला वेगळंच म्हणतात: साकिझ अदासी. साकिझ म्हणजे डिंक, चघळायचा गोंद. म्हणजे डिंकाचं बेट. कसला डिंक, म्हणून लेकीनं फोनवर शोधलं आणि वाचून दाखवलं: मॅस्टिक. मी म्हटलं, थांब. मस्तकी!

मस्तकी ज्यातून निघते त्या लेंटिस्कची झुडपं भूमध्य समुद्राच्या काठानं सगळीकडे आहेत. पण खोडाला चीर दिली की असा घट्ट होणारा, गोळा करून विकता येण्याजोगा डिंक द्यावा तो या बेटाच्या दक्षिण भागातल्या झाडांनीच. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून तिच्यावर पांढरी चुनखडीची माती पसरतात, मग खोडावर बारीक चिरा देतात, आणि थेंब त्या मातीवर पडून वाळू देतात. त्या थेंबांना तिथं अश्रूच म्हणतात. तिसऱ्या शतकात इसिदोर नावाच्या ख्रिस्ती सैनिकाला इथं हाल करून मारलं, तेव्हा ही झाडं रडली, ती आजतागायत रडताहेत अशी कथा आहे. इसिदोरचे अवशेष ११२५ मध्ये व्हेनिसच्या लोकांनी उचलून नेले. ते आता तिथल्या सेंट मार्कच्या चर्चमध्ये आहेत. झाडं मात्र नेता आली नाहीत, किंवा नेली तरी तिथं रडली नसती.

पण मला लिहायचंय ते मस्तकीबद्दल नाही, त्यामागच्या ‘रूमी’बद्दल.

खिओस शहरापासून डोंगरात बाराएक किलोमीटरवर एक मठ आहे, नेआ मोनी. अर्थ, नवा मठ. हा ‘नवा’ मठ अकराव्या शतकातला. पुण्याच्या नव्या पुलाला शंभर वर्षं झाली तरी तो नवाच, त्यातलाच प्रकार. बायझन्टाइन काळातल्या मोझॅक चित्रांसाठी हा मठ जगप्रसिद्ध आहे. ग्रीसमधल्या आणखी दोन मठांबरोबर १९९० मध्ये त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. टॅक्सीवाल्यानं वळणावळणाच्या रस्त्यानं वर नेलं. त्याच्या आरशाशी पांढऱ्या दाढीच्या एका साधूची तसबीर लटकत होती. संत नेक्तारिओस. हा साधू याच मठात १८७० च्या दशकात संन्यासी झाला. त्याआधी तो बेटावरच्या लिथी नावाच्या गावात शाळामास्तर होता. संतपद १९६१ मध्ये मिळालं, म्हणजे आमच्या आजोबांच्या हयातीत. गजानन महाराजांच्या तसबिरीची सवय असलेल्या माणसाला त्या टॅक्सीत परकं वाटायचं कारण नव्हतं.

आम्ही पोचलो बारा चाळीसला. मठ तेव्हा एक वाजता बंद होई आणि चार वाजता उघडे. दारातल्या वृद्ध संन्यासिनीनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं, मग माझ्या नवऱ्याच्या अर्ध्या चड्डीकडे बोट दाखवलं, आणि दोन्ही बाबतींत तिचं मत स्पष्ट झालं. लेक म्हणाली खाली जाऊन जेवून येऊ. मी म्हटलं, इथंच बसू. भिंतीबाहेर सुरूची झाडं होती, त्यांच्या सावलीत तीन तास काढले. नवरा बॅग उशाला घेऊन झोपला. (आधी बॅगेतून पॅन्ट काढून घातली.) मी लेकीला मठाची जन्मकथा सांगितली. ती मी आदल्या रात्री वाचून ठेवली होती आणि ती कुणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवत नव्हतं.

निकितास, योआनिस आणि योसिफ असे तीन तपस्वी या डोंगरात गुहेत राहत. त्यांना रात्री रानात एक उजेड दिसे. शोधायला जावं तर सापडेना. शेवटी त्यांनी रानाला आग लावली. सगळं जळलं, एक मर्टलचं झुडूप तेवढं हिरवं राहिलं आणि त्याच्या फांदीवर मेरीमातेची प्रतिमा टांगलेली होती. आपल्याकडे गाय एका ठराविक जागी पान्हा सोडते आणि तिथं पिंड सापडते, तसंच. इथं दुधाऐवजी आग.

पुढची गोष्ट मात्र अस्सल राजकारणाची. शेजारच्या लेस्बोस बेटावर बायझन्टाइन साम्राज्याच्या राजधानीतून, कॉन्स्टन्टिनोपलहून (म्हणजे आजच्या इस्तंबूलहून), हद्दपार झालेला एक सरदार होता, कॉन्स्टन्टाइन मोनोमाखोस. या तिघांनी त्याला जाऊन सांगितलं, तू सम्राट होणार. त्यानं आपली अंगठी काढून दिली आणि शब्द दिला, झालो तर मठ बांधून देईन. १०४२ मध्ये तो खरोखरच सम्राट झाला. झाला तो स्वतःच्या पराक्रमानं नव्हे. सम्राज्ञी झोई चौसष्टाव्या वर्षी तिसरं लग्न करायला निघाली होती आणि निवड याच्यावर आली. तपस्वी अंगठी घेऊन राजधानीत हजर.

या झोईला आम्ही चारच दिवसांपूर्वी भेटलो होतो. इस्तंबूलच्या आया सोफियात वरच्या सज्जात तिचं मोझॅक आहे. मध्ये ख्रिस्त, एका बाजूला झोई, दुसऱ्या बाजूला पैशाची थैली घेतलेला कॉन्स्टन्टाइन. नीट पाहिलं की लक्षात येतं, चेहऱ्यांभोवतीचं काम उखडून पुन्हा केलेलं आहे. आधी तिथं झोईचा दुसराच कुणी नवरा होता. नवरा बदलला तसं चित्रातलं डोकं बदललं, नाव खोडून नवं बसवलं. अंगावरचा राजवेष तोच ठेवला, कापड वाया कशाला घालवा! लेक तेव्हा म्हणाली होती, “आई, हे तर लग्नाच्या अल्बममध्ये जुन्या जावयावर नवा चिकटवल्यासारखं आहे.”

सम्राटानं शब्द मात्र पाळला. राजधानीतून पैसा आणि कारागीर दिले, आणि सनदांमागून सनदा. जमिनी इनाम दिल्या, कर माफ केले. १०४९ च्या एका सनदेत बेटावरच्या पंधरा ज्यू कुटुंबांचा कर मठाच्या नावे लावून दिला आहे. तो त्यांनी इथून पुढे सरकारला नाही, मठाला द्यायचा. देवस्थानाला गाव लावून देण्याची रीत आपल्याला नवी नाही, पण माणसं लावून दिलेली वाचली की त्या सोन्याच्या मोझॅकांकडे बघताना ती पंधरा घरं डोळ्यांसमोरून जात नाहीत. १०५५ मध्ये कॉन्स्टन्टाइन वारला आणि लगेच त्या तपस्व्यांचे ग्रहही फिरले. एका भविष्य सांगणाऱ्या बाईच्या प्रकरणात पाखंडाचा ठपका येऊन ते स्वतःच हद्दपार झाले. नंतरच्या सम्राटानं त्यांना परत आणलं. सम्राटाचं भविष्य सांगणाऱ्यांना स्वतःचं दिसलं नव्हतं, असं लेक म्हणाली. मी म्हटलं, ज्योतिष्याला कधी दिसतं का?

चारला दार उघडलं.

आत एक मोठं अंगण, ओवऱ्यांसारख्या खोल्यांच्या पडक्या-सावरलेल्या रांगा, एका कोपऱ्यात जमिनीखाली पाण्याची टाकी. खांबांवर आणि कमानींवर पेललेली, अकराव्या शतकातली. पलीकडे भोजनगृह. तिथलं मेज बघून मी थांबलेच. लांबच लांब दगडी मेज, रंगीत संगमरवराचे तुकडे जडवलेलं, आणि त्याच्या कडेला प्रत्येकासाठी वाटी-चमचा ठेवायला छोटे कोनाडे. नऊशे वर्षांची पंगत. प्रत्येकानं आपापला कोनाडा ओळखायचा. मी एका कोनाड्यात हात घालून पाहिला, थंडगार होता.

मग मुख्य चर्च. बाहेरून साधंच वाटतं. पुढं दोन मंडप, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून गाभाऱ्यासमोरच्या मोठ्या चौकात. त्या चौकात पाऊल टाकलं आणि आमचे अभियंते जागे झाले. हा माणूस बांधकाम खात्यातून निवृत्त झालाय. देवळात गेला तरी आधी तुळई बघतो.

“खांब कुठे आहेत?” तो म्हणाला.

खरंच नव्हते. खाली चौकोन, वर घुमट, मध्ये एकही खांब नाही. त्यानं मान वर करून बराच वेळ हिशेब केला आणि मग मला बोटानं दाखवलं: भिंतींत आलटून-पालटून आठ कोनाडे आहेत. कोपऱ्यातले खोल, भिंतीतले उथळ. त्यांच्या कमानींनी चौकोनाचा वर अष्टकोन होतो, अष्टकोनावर घुमटाचं कडं बसतं. “गोलघुमट आठव,” तो म्हणाला. विजापूरला आम्ही सांगलीकर शाळेच्या सहलीपासून जात आलोय. तिथंही चौरसावर आठ कमानी एकमेकींना छेदून वर्तुळ पेलतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, सहाशे वर्षांचं अंतर आहे. पण चौकोनाला गोल टोपी घालायची तर मध्ये कुठेतरी आठ कोपऱ्यांतून जावं लागतं, हे दोन्हीकडच्या गवंड्यांना कळलं होतं. या बांधणीला अभ्यासक ‘बेटावरचा अष्टकोन’ असं नाव देतात, कारण नेआ मोनीनंतर ती खिओसमध्ये आणि सायप्रसमध्ये उचलली गेली. आत्ता जो घुमट दिसतो तो मूळचा नाही. १८८१ च्या भूकंपात मूळ घुमट कोसळला. त्यातला ख्रिस्त गेला. जो घुमट सगळ्या चित्रांचा शिरोमणी असायचा, तो आज वर मोकळा आहे. खाली जे उरलंय ते शिर नसलेल्या धडासारखं आहे, आणि तरी जिवंत आहे.

मोझॅकबद्दल मी पुस्तकांत वाचलं होतं ते एवढंच की सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांत धरून त्याचे बारीक चौकोनी तुकडे करतात आणि ओल्या गिलाव्यात एकेक रोवतात. रोवताना सपाट नाही रोवत, थोडे वाकडे. हे वाकडेपण छायाचित्रात कळत नाही. तिथं उभं राहून मी एक पाऊल डावीकडे सरकले तर माझ्यासमोरचं सोनं विझलं आणि शेजारचं पेटलं. परत उजवीकडे, तर ते विझलं, हे पेटलं. मी पाच मिनिटं नुसती झुलत होते. संन्यासिनी खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. तिनं हे झुलणं पुष्कळ पाहिलं असणार.

चेहरे मात्र शांत नाहीत. बायझन्टाइन म्हटलं की मला गोड, स्तब्ध, पापणी न लवणारी माणसं डोळ्यांसमोर येत. इथली तशी नाहीत. डोळ्यांखाली दाट सावल्या, भुवया आवळलेल्या. क्रूसावरून ख्रिस्ताला उतरवताना मेरी वाकलीय, तिच्याकडे फार वेळ बघवत नाही. मला सगळ्यांत आवडलं ते ‘अनास्तासिस’. आपण पुनरुत्थान म्हणतो, पण या लोकांनी कबरीतून उठणारा ख्रिस्त काढला नाही. त्यांचा ख्रिस्त खाली जातो, पाताळात. तिथली दारं तोडतो आणि पहिल्या माणसाला, आदमला, हाताला धरून ओढून बाहेर काढतो. एकटा वर निघून जात नाही. ज्याला धरलंय त्याला घेऊन येतो. बाजूला जुने राजे उभे आहेत, दावीद आणि शलमोन. शलमोन एरवी तरुण, बिनदाढीचा दाखवतात, इथं त्याला दाढी आहे. काही अभ्यासकांना वाटतं, हा चेहरा देणगीदाराचा, कॉन्स्टन्टाइन मोनोमाखोसचा. म्हणजे राजधानीत दुसऱ्याच्या धडावर आपलं डोकं बसवणारा हा गृहस्थ इथं शलमोनाच्या अंगात शिरला असेल! लेकीला हे सांगितलं तर ती मोठ्यानं हसली आणि संन्यासिनीनं ओठांवर बोट ठेवलं.

आता ‘रूमी’कडे येते.

त्या चर्चमध्ये ज्यांनी हे तुकडे रोवले, ज्यांनी पैसे दिले, ज्यांनी शतकानुशतकं त्या मेजावर जेवण केलं, त्यांतल्या कुणीही स्वतःला कधी ‘बायझन्टाइन’ म्हटलं नाही. तो शब्द सोळाव्या शतकातल्या एका जर्मन पंडितानं, हिएरोनिमुस वोल्फनं, रूढ केला. तेव्हा ते साम्राज्य बुडून शंभर वर्षं झाली होती. ही माणसं स्वतःला ‘रोमाइओइ’ म्हणत, रोमन. त्यांची राजधानी नवं रोम होती, त्यांचा सम्राट रोमनांचा सम्राट होता, बोलत ग्रीक. अरबांनी, इराण्यांनी, तुर्कांनी त्यांना त्यांच्याच नावानं हाक मारली: रूम. त्यांच्या मुलखात तयार झालेली वस्तू ती रूमी. पुढं तुर्कांनी तो मुलूख घेतला तरी नाव चिकटून राहिलं, म्हणून आपल्या बखरकारांचा तुर्की सुलतानही रूमशामचाच पातशहा. लिम्नोस नावाच्या दुसऱ्या एका बेटावरची हकीकत इतिहासकार पीटर खारानिस सांगत असत, ते त्याच बेटावर जन्मलेले. १९१२ मध्ये ग्रीक सैन्य तिथं उतरलं तेव्हा मुलं सैनिक बघायला जमली. सैनिकांनी विचारलं, काय बघताय? मुलं म्हणाली, हेलेनी बघतोय. म्हणजे ग्रीक. अरे, तुम्ही पण हेलेनीच ना? मुलं म्हणाली, छे, आम्ही रोमन.

म्हणजे युरोपातल्या पंडितांनी ज्यांचं नाव बदललं, त्या पोरांना ते अजून नीट माहीत होतं. आणि गणपती पेठेतल्या एका खणावर ते बरोबर लिहिलेलं होतं. आजोबांना बायझन्टाइन शब्द ठाऊक नव्हता. त्याची गरजही नव्हती. औषधाचं नाव हकीम-वैद्यांच्या तोंडून, व्यापाऱ्यांच्या पावत्यांतून, फारशीतून आणि उर्दूतून येत गेलं आणि त्याबरोबर बुडालेल्या एका राज्याचं स्वतःचं नाव, अर्ध्यावर तोडून ‘रू.’ एवढंच, सांगलीपर्यंत येऊन पोचलं.

हे मी अंगणात उभी राहून नवऱ्याला मोठ्या उत्साहात सांगत होते. तो म्हणाला, “तिकडे एक छोटं देऊळ राहिलं बघायचं.” दाराशेजारचं, होली क्रॉसचं. आत शिरलो.

काचेचं कपाट. त्यात कवट्या.

१८२२ मध्ये ग्रीसभर तुर्कांविरुद्ध उठाव चालू होता. खिओस श्रीमंत होतं, मस्तकीवर आणि व्यापारावर सुखी होतं, त्याला लढायचं नव्हतं. शेजारच्या सामोस बेटावरचे बंडखोर इथं उतरले आणि बेट त्यात ओढलं गेलं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात सुलतानाचं आरमार आलं. पुढच्या काही महिन्यांत हजारो माणसं कापली गेली, हजारो इझमीर आणि इस्तंबूलच्या बाजारांत गुलाम म्हणून विकली गेली. बेट जवळजवळ रिकामं झालं. पॅरिसमध्ये दलाक्रुआनं १८२४ मध्ये त्याचं भलंमोठं चित्र काढलं, ते लूव्रमध्ये आहे. बायकामुलं पळून डोंगरात आली ती या मठात. भिंती जाड, देव जवळ. भिंती पुरल्या नाहीत. मठ जाळला, आतली माणसं मारली. ती कपाटात आहेत. काही कवट्यांवर कुऱ्हाडीच्या फटी आहेत. काही आकारानं लहान आहेत.

मस्तकीच्या गावांना सुरुवातीला हात लावला नाही. मस्तकी सुलतानाच्या जनानखान्यात लागत असे, ती काढणारी माणसं मेली तर झाडांना चिरा कोण देणार? जूनमध्ये कानारिस नावाच्या ग्रीक दर्यावर्द्यानं पेटती नाव नेऊन तुर्की आरमारप्रमुखाचं जहाज उडवलं, तेव्हा सूड म्हणून तीही सोडली नाहीत. पण पहिले दोन महिने ज्यांची डोकी धडावर राहिली, ती त्या डिंकामुळे राहिली.

मस्तकी म्हणजे मस्तकाचं औषध. सातव्या वर्षी ठरवलेलं.

मी बाहेर आले. नवरा काही बोलला नाही, पाण्याची बाटली पुढे केली. संन्यासिनी अंगण झाडत होती. १९५२ मध्ये हा मठ स्त्रियांचा झाला, आणि आम्ही गेलो तेव्हा मोजक्याच उरल्या होत्या. तिनं झाडू भिंतीला टेकवला, आत गेली आणि तीन लुकूम घेऊन आली. पिठीसाखर लावलेले, मस्तकीच्या वासाचे. भाषा नव्हतीच. तिनं विचारलं, “इंडिया?” लेक म्हणाली, “इंडिया.” तिनं हात लांब हलवला: फार दूर. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे गेलो. पिर्गी गावाची सगळी घरं राखाडी-पांढऱ्या नक्षीनं भरलेली असतात. आधी गडद वाळूचा गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि मग तो ओला असतानाच काट्यानं खरवडून त्रिकोण, चौकोन, वर्तुळं. चौकातून एका बोळकांडीत शिरलं की कमानीखालून अचानक एक इवलंसं चर्च समोर येतं, आयि आपोस्तोली, बारा प्रेषितांचं. विटांची बाहेरून अशी बारीक वीण की कुणीतरी घर सारवून वर रांगोळी काढून ठेवावी. हे नेआ मोनीचंच लहान भावंड, तोच अष्टकोन, आपल्या ऐपतीप्रमाणे लहान केलेला. आत १६६५ मधली भित्तिचित्रं, क्रीटच्या चित्रकाराची. इथं सोन्याचे तुकडे नाहीत, नुसता रंग आणि गिलावा. मला हे चर्च जास्त आवडलं, हे सांगितलं तर जाणकार नाक मुरडतील. नेआ मोनी सम्राटाचं आहे. तिथं उभं राहिलं की पैसा दिसतो, हुकूम दिसतो. इथं गावातल्या कुणीतरी डोंगरावरचं ते पाहिलं, घरी येऊन म्हणाला असं आपल्याकडेही हवं, आणि बोळात बसेल एवढं बांधून घेतलं. दारात एक आजी मेणबत्त्या विकत बसल्या होत्या. त्यांच्याकडून एक घेतली. लेकीनं लावली.

याच घराण्यातलं आणखी एक चर्च, पानाया क्रिना, बाराव्या शतकाच्या अखेरचं. शहराच्या जवळच, वाविली गावापाशी शेतांत उभं आहे. त्याच्या भिंतींवर एकावर एक चित्रांचे थर होते. पुनरुद्धार करताना काही थर सोलून काढले. तेराव्या शतकातले संदेष्टे त्यामुळे आता शहरातल्या किल्ल्यात, जुन्या जुस्तिनियानी वाड्यात, भिंतीला टेकून उभे आहेत. हा वाडा जेनोवाच्या व्यापाऱ्यांचा. १३४६ पासून १५६६ पर्यंत खिओसवर राज्य केलं ते एका भागीदारी कंपनीनं, ‘माओना’नं. ईस्ट इंडिया कंपनीच्या अडीचशे वर्षं आधीची कंपनी सरकार! मस्तकीचा सगळा मक्ता तिच्याकडे. चोरून विकली तर नाक-कान जायचे.

संध्याकाळी बंदरावर ‘पाणबुडी’ खाल्ली. मस्तकीचा पांढरा, घट्ट, चिकट गोळा चमच्यावर घेऊन तो चमचा थंड पाण्याच्या ग्लासात बुडवून देतात. चाटत राहायचं, मधून पाणी प्यायचं. समोर तुर्कस्तानचे दिवे लागले होते, इतके जवळ की गाड्यांचे उजेड हलताना दिसत. १९२२ मध्ये, त्या कत्तलीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, त्या किनाऱ्यावरची ग्रीक माणसं होड्यांत बसून याच बंदरावर आली, पुन्हा घरी गेली नाहीत. तिकडे जे थोडे उरले, त्यांना तुर्कीत आजही रूमच म्हणतात.

परतताना चेश्मेच्या धक्क्यावर जकातवाल्यानं माझी पिशवी उघडली. मस्तकी काढणाऱ्यांच्या सहकारी संघाच्या दुकानातून घेतलेला पन्नास ग्रॅमचा डबा त्यानं हलवला, झाकण उघडून वास घेतला. “साकिझ,” तो म्हणाला, आणि परत ठेवला.

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान आता माझा चुलतभाऊ बघतो. २०१९ च्या पुरात गणपती पेठेत पाणी चढलं तेव्हा लाकडी खण फुगून निकामी झाले. आता भिंतभर प्लास्टिकच्या बरण्या आहेत आणि छापील लेबलं. मी डबा त्याच्या गादीवर ठेवला. त्यानं उघडला, एक खडा दिव्यासमोर धरला, मग दातांखाली घालून बघितला. चघळत राहिला.

“ओरिजिनल आहे,” तो म्हणाला. “हल्ली मिळत नाही ताई. मिळते त्यात राळ असते. केवढ्याला पडली?”

मी किंमत सांगितली. त्यानं भुवया उंचावल्या, तागडीवर माल टाकला, वजन बघितलं, आणि आजोबांच्या वेळची लाल खतावणी पुढे ओढली. ती पुराच्या वेळी वरच्या मजल्यावर होती, म्हणून वाचली.

आवक. रू. मस्तकी. ५० ग्रॅम.

दराच्या रकान्यात त्यानं रेघ मारली.